रिकामी फणेरपेटी

माझी पणजी चंद्राक्का, आजी अनसूया आणि आई तारामती. या तिघींची नावे मी आधी सांगते, कारण पुढे जे घडले त्याचा उगम त्यांच्या केसांत आहे. चंद्राक्का न्हाली की केस वाळवायला तिला परसातली वलण लागे, असे भिलवडीची म्हातारी माणसे सांगत. अनसूया घागर घेऊन कृष्णेचा घाट चढताना वेणीचा शेपटा कमरेला खोचत असे, नाहीतर तो पायात येई. माझी आई केस मोकळे सोडून बसली की आम्ही भावंडे त्यांच्याआड लपत असू. तिन्ही पिढ्यांचे केस काळेभोर आणि दोरीसारखे सरळ. एक बट वाकडी नव्हती, आणि याचा आम्हाला अभिमान होता.

केसांबरोबर एक शिसवी फणेरपेटीही आईकडून लेकीकडे येत गेली. झाकणाच्या आत आरसा, खाली मेणाची डबी, कुंकवाचा करंडा आणि फणीचा लांबट कप्पा. ती माझ्याकडे आली आणि माझ्यापाशी फार दिवस राहिली नाही. त्याची हकीकत यथावकाश येईल.

मी हेमलता रणनवरे, राहणार सांगली, वय अठ्ठ्याहत्तर. आमच्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. घर माझ्या शब्दावर चालते. घरातला स्वयंपाकाचा यंत्रमानवसुद्धा फोडणी करण्यापूर्वी मला विचारतो; तशी त्याला मीच शिकवण दिली आहे.

सात वर्षांपूर्वी माझ्या कपाळाच्या वरच्या कडेला खाज आणि आग होऊ लागली. मी ती उष्णता समजले आणि माक्याचे तेल चोळले. जितके तेल चोळले तितके केस हाताला आले, आणि मागे राहिलेली कातडी गुळगुळीत होऊन चकाकू लागली. दोन वर्षांत कपाळ थेट टाळूपर्यंत गेले. मागचे केस मात्र तसेच राहिले. मानेवर अंबाडा आणि पुढे उघडे माळरान. सांगलीतल्या डॉक्टरांनी वयाचा दोष म्हणून बोळवण केली.

सुनांनी डोक्यावर पदर घेण्याची चाल आमच्या घरातून मीच मोडीत काढली होती. आता ती मीच पुन्हा सुरू केली, आणि तीही केवळ स्वतःपुरती. दोन्ही बाजूंना पिना लावून पदर बसवला की काम भागे. सासूबाई म्हातारपणी सोवळ्या झाल्या, असे माझ्या सुनेने तिच्या माहेरी सांगितल्याचे मला कळले. मी तो समज राहू दिला.

अडचण एकच होती. वाकले की पदर सरकत असे. पिना कितीही लावा, मस्तक खाली गेले की कापड मागे घसरे. म्हणून मी वाकणेच सोडले. देवापुढे उभ्यानेच हात जोडू लागले. देवाने त्याबद्दल तक्रार केली नाही. माणसांत मला वाकावे लागेल असे फारसे कोणी उरलेले नव्हते. माझ्याहून मानाने मोठी अशी एकच व्यक्ती हयात होती: आमच्यांची थोरली बहीण, माझ्या कुमुदवन्सं.

वन्सं कुरुंदवाडला दिलेल्या. पाच वर्षांपूर्वी त्यांची पंच्याहत्तरी झाली. मांडव भरला होता. सगळे ओळीने पाया पडत होते. माझी पाळी आली तेव्हा मी त्यांच्यासमोर ताठ उभी राहिले, हात जोडले आणि जाऊन खुर्चीवर बसले. वन्सं बोलण्यात कधीच मागे नव्हत्या.

"का गं हेमा," त्या सर्वांदेखत म्हणाल्या, "वाकायला वेगळी पत्रिका छापायची राहिली का माझी?"

मी म्हटले, मनात आदर असला की कमरेला त्रास द्यावा लागत नाही. तेवढ्यावरून आमचे बोलणे थांबले. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून येई आणि माझ्याकडून जाई, पण डब्यांबरोबर शब्द जात नव्हते. आता त्यांचे सहस्रचंद्रदर्शन पुढच्या माघात होणार होते. कुरुंदवाडहून निरोप आला तो माझ्यासाठी नव्हता. तो माझ्या नातसुनेला होता. निरोप असा: हेमाला सांग, यंदा वाकणार असेल तर ये म्हणावं, नाहीतर मीही धरून चालते की मला भावजय नाही.

मी तो निरोप ऐकला आणि खोलीत जाऊन पदर काढून बसले. दाराला कडी घालायचे राहून गेले. तेवढ्यात नातसून शाल्मली चहा घेऊन आत आली.

शाल्मली आमच्या बागांतल्या द्राक्षांची निर्यात पाहते. तिला पानावरचा डाग पाहून रोग ओळखायची सवय आहे. ती किंचाळली नाही, दिलगिरीही दाखवली नाही. तिने चहा ठेवला, जवळ येऊन कपाळाकडे पाहिले आणि म्हणाली की हे वयाने होत नाही, आजीसाहेब, हा रोग आहे, आणि मिरजेला यावर काम चालते.

मी तिला बजावले की ही गोष्ट या खोलीबाहेर गेली तर तिला माझ्या हातचा सांजा पुन्हा मिळणार नाही.

*

मिरजेच्या त्या केंद्रात डॉक्टर म्हणून एक तिशीतली मुलगी होती, तय्यबा मुजावर. तिने माझ्या डोक्यावर एक भिंग फिरवले आणि भिंतीवर माझे मस्तक शेतासारखे पसरलेले दिसू लागले. मी तिला म्हटले, जे असेल ते स्पष्ट सांग. मला गोड बोलणाऱ्या डॉक्टरांचा कंटाळा आहे.

तिने सांगितले ते असे. साध्या टकलात केसाचे मूळ झोपलेले असते. जमीन पडीक पण जिवंत. माझ्या रोगात शरीराचे स्वतःचे पहारेकरीच केसाच्या मुळाला शत्रू समजून मारतात. मूळ मेले की त्या जागी व्रण भरतो आणि कातडीचे भोक कायमचे बुजते. तिथे केस नुसता झोपलेला नसतो. तिथे केस उरलेलाच नसतो. मागचे केस काढून पुढे लावले तरी पहारेकऱ्यांना जुनी खूण पाठ असते, आणि ते नव्या मुळांनाही त्याच खुणेने ओळखून मारतात. म्हणून इतकी वर्षे शस्त्रक्रिया करणारे अशा रोग्यांना हात लावायला धजत नसत.

"आणि आता?" मी विचारले.

आता असे की केसाच्या मुळाभोवती एक वेष्टन असते. त्या वेष्टनातल्या पेशींवर जणू बुरखा असतो. पहारेकरी त्यांच्याकडे पाहत नाहीत. फार पूर्वीच लक्षात आले होते की एका माणसाच्या वेष्टनपेशी दुसऱ्याच्या कातडीत ठेवल्या तर शरीर त्या परतवून लावत नाही, उलट त्या आसपासच्या कातडीला हुकूम देतात आणि ती कातडी नवे मूळ बांधते. केस तुमच्याच कातडीचा, पण बांधण्याचा हुकूम दुसऱ्याचा. त्यावेळी या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या की आपला हुकूम विसरून जात. गेल्या दहा वर्षांत त्यांना थेंबाथेंबाने टांगून, गोळीच्या आकारात वाढवण्याची युक्ती साधली, आणि त्या विसरेनाशा झाल्या. आता दुसऱ्याच्या कानामागून बोटाच्या पेराएवढी कातडी घेतली की हजारो बीजगोळ्या तयार होतात, आणि एक यंत्र त्या व्रणात टोकते.

"टोकते?" मी विचारले.

"हो, आजी. आम्ही त्याला टोकण यंत्रच म्हणतो. भुईमूग टोकतात तसं."

मला ती मुलगी आवडली.

तिने एक अट घातली आणि एक धोका सांगितला. अट ही की रोग आधी शांत झालेला हवा. माझा दोन वर्षे शांत होता असे तपासण्यांवरून निघाले. धोका हा की तो पुन्हा जागा झाला तर सगळे पीक जाईल, आणि दुसऱ्यांदा त्या जमिनीत टोकता येणार नाही. दहातल्या दोघांचे असे होते. मी विचार करून सांगते म्हणाले.

मुलगा अभयला सांगणे भागच होते, आणि त्याने अर्थातच विचारले की आई, या वयात हे कशाला. मी त्याला आठवण करून दिली की त्याने छप्पन्नाव्या वर्षी पुढचे दोन दात नवे बसवून घेतले, तेव्हा मी वयाचा विषय काढला नव्हता. आणि दात निदान मिशीखाली झाकता येतात. मग त्याने विषय बदलला आणि पेशी मी देतो म्हणाला. रणनवऱ्यांचा मुलगा आईसाठी एवढे करणारच, हे त्याने इतक्या मोठ्याने सांगितले की शेजारच्या बंगल्यालाही कळले असावे. अशा रीतीने माझे गुपित संपले.

*

केंद्रात माझे रक्त काचेच्या एका पट्टीवर ठेवले. त्या पट्टीवर माझ्याच कातडीचा नखाएवढा तुकडा वाढवला होता. त्यावर अभयच्या पेशी सोडल्या आणि आम्ही पडद्यावर पाहत बसलो. काही वेळाने माझे पहारेकरी गोळा झाले आणि त्यांनी माझ्या मुलाच्या पेशी वेढून टाकल्या. अभयचे तोंड उतरले.

डॉक्टर मुजावरने समजावले की हे अपेक्षितच होते. मुलामध्ये आईची अर्धी खूण असते, आणि माझे शरीर नेमके त्या खुणेवरच रागावलेले आहे. बुरखा थोडाफार झाकतो, पण घरचीच खूण असेल तर पहारेकऱ्यांना वास येतो. माझ्या माहेरच्या भाच्या, माझी लेक, कोणीच चालणार नव्हते.

मी खुर्चीवर ताठ बसून हे ऐकले. चंद्राक्का, अनसूया, तारामती. ज्या रक्ताची मी आयुष्यभर टिमकी वाजवली ते रक्तच इथे निरुपयोगी ठरत होते. माझ्या डोक्याला बाहेरचे माणूस हवे होते.

शाल्मलीने हात पुढे केला. तिच्या पेशींवर पहारेकरी तुटून पडले नाहीत, पण दोनचार जण येऊन संशयाने घुटमळले. डॉक्टर म्हणाली की चालून जाईल, पण खात्री देता येत नाही. केंद्राच्या पेढीत अनोळखी दात्यांच्या पेशी होत्या. त्यातून शोधू का, असे तिने विचारले. मी नकार दिला. अनोळखी माणसाला मी वर्दी आल्याशिवाय दिवाणखान्यातसुद्धा घेत नाही. डोक्यात कशी घेणार?

घरी परतताना शाल्मली गाडीत गप्प होती. ती गप्प असते तेव्हा काहीतरी शिजत असते. चारपाच दिवसांनी केंद्रातून फोन आला की एक दाता आपणहून आला असून मेळ उत्तम बसला आहे, पाहायला या.

पडद्यावर माझे पहारेकरी नव्या पेशींच्या शेजारून निवांतपणे चालत जात होते, बाजारातून जावे तसे. एकानेही वळून पाहिले नाही. डॉक्टर मुजावर म्हणाली की इतका चांगला मेळ तिने क्वचितच पाहिला आहे.

"कोणाच्या आहेत या?"

"माझ्या," मागून आवाज आला. "ओळखीच्या वाटत नाहीत?"

दारात कुमुदवन्सं उभ्या होत्या. काठी, चष्मा, पांढऱ्या कुरळ्या केसांचे मोठे टोपले डोक्यावर, आणि कानामागे चिकटपट्टी. पाच वर्षांनी माझ्याशी बोललेले हे त्यांचे पहिले वाक्य. शाल्मली भिंतीवरची सूचना फार लक्षपूर्वक वाचत होती.

वन्सं माझ्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी माझ्या पदराकडे पाहिले.

"म्हणजे पदर सरकेल म्हणून वाकली नाहीस तू," त्या म्हणाल्या. "मेले, आधी सांगायचं नाही? मी पाच वर्षं गावभर सांगत हिंडले की हेमाला माज आला."

"माज आहेच," मी म्हटले. "पण तो कमरेत नाही."

त्या हसल्या. मला हसू आवरणे कठीण गेले. पण लगेच मी सांगून टाकले की त्यांचे काही मला नको. त्यांनी कारण विचारले नाही. कारण आम्हा दोघींना माहीत होते, आणि या जगात फक्त आम्हा दोघींनाच.

*

ते कारण आता सांगायला हरकत नाही. मी या घरात नवी नवरी म्हणून आले तेव्हा वन्संचे लग्न ठरलेले होते. आजेसासऱ्यांची तब्येत ढासळली म्हणून आमचे लग्न घाईने आधी उरकले, आणि वन्संना विषमज्वर झाल्यामुळे त्यांचे पुढे गेले. ताप उतरला, पण केस गेले. मूठमूठ गेले. मागे तर पाठीवर रुळायला काही राहिले नाही. कपाळावर चार कुरळ्या बटा तेवढ्या उरल्या. त्या काळी मुलाकडच्या बायका येऊन वेणी हातात धरून पाहत, खरी की खोटी ते. वन्सं माडीवर बसून रडत आणि खाली कोणाला दाखवत नसत.

लग्नाच्या आठवड्यात मी माडीवर गेले, दार लावले आणि माझी वेणी मानेपाशी कापली. ती काळ्या दोऱ्याने बांधून तिचे गंगावन केले, म्हणजे खऱ्या केसांत गुंफायची जादा वेणी. ते माझ्या फणेरपेटीत ठेवून पेटी वन्संच्या हातात दिली. सासूबाईंना सांगितले की माझा बालाजीचा नवस होता आणि शेजारच्या काकू तिरुपतीला निघाल्या त्यांच्याबरोबर केस धाडले. नवस म्हटला की आमच्या घरात कोणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

वन्संचे लग्न झाले. कोणाला काही कळले नाही. त्यांच्या लग्नाचा फोटो आजही आमच्या दिवाणखान्यात आहे: कपाळावर कुरळ्या बटा आणि खांद्यावरून पुढे घेतलेली सरळ, काळी, मांडीपर्यंतची वेणी. वर्षभरात त्यांचे केस परत आले, आणि त्यांनी ते गंगावन कृष्णेत सोडले. फणेरपेटी मात्र परत आली नाही. मी मागितली नाही. आणि पुढे आयुष्यभर त्यांच्या कुरळ्या केसांना मधमाश्यांचे पोळे म्हणत आले, यात मला गैर वाटले नाही. दिलेल्या माणसाला एवढा हक्क असतो.

*

"दिलेलं परत घ्यायची आमच्या घराण्यात रीत नाही," मी वन्संना म्हटले.

"आणि रिकामं भांडं परत करायची माझ्या माहेरात नाही," त्या म्हणाल्या. "तू त्याच घरात नांदतेस, तुला मी नव्यानं सांगावं लागावं?"

मला क्षणभर समजले नाही. मग समजले.

शेजारणीने वाटीभर भाजी धाडली तर ती वाटी धुऊन तशीच परत करायची नाही. निदान साखर घालून द्यायची. ही रीत मी माझ्या सुनांना शिकवली आहे. वन्संनी एवढी वर्षे फणेरपेटी परत केली नव्हती ती लोभाने नव्हे. त्यात घालण्याजोगे त्यांच्याकडे काही नव्हते. वेणीच्या बदल्यात काय घालणार? साखर?

"दर दिवाळीला ती पेटी पुसते मी," वन्सं म्हणाल्या. "दर दिवाळीला बघते, रिकामीच. तू मला पोळं म्हणायचीस, मी ऐकून घ्यायची. का ऐकून घ्यायची मी? माझी जीभ काय लहान आहे? आता देव मला द्यायला काहीतरी देतोय, तर तू घेणार नाहीस? मग मी ती पेटी घेऊन वर जाऊ?"

डॉक्टर मुजावर खाकरली. निर्णयाआधी आणखी एक गोष्ट सांगणे तिचे कर्तव्य आहे, असे म्हणाली. केसाची जाडी, वाढ आणि वळण हे वेष्टनपेशींच्या हुकुमाने ठरते. कातडी माझी असली तरी केस दात्याच्या वळणाचा उगवणार.

मी वन्संच्या डोक्यावरच्या टोपल्याकडे पाहिले.

"म्हणजे कुरळे," मी म्हटले.

"बऱ्यापैकी कुरळे," डॉक्टर म्हणाली.

वन्संनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते. शाल्मली अजूनही भिंतीवरची सूचना वाचत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. घरी येऊन देवघरात गेले आणि पदर काढून समईपुढे बसले. तीन पिढ्यांचे सरळ केस माझ्यापाशी संपत होते. त्यांच्या जागी नणंदेचे मधमाश्यांचे पोळे येणार होते, आणि तेही कदाचित, कारण दहातल्या दोघांचे पीक जाते. नाही म्हटले तर काय उरत होते, त्याचाही मी हिशेब केला. पदर, पिना, ताठ मान आणि कुरुंदवाडचे बंद दार. वन्सं ऐंशीच्या, मी अठ्ठ्याहत्तरची. माझी वेणी कोणी आणि कशासाठी कापली हे जाणणारे दुसरे माणूस जगात नव्हते. ते माणूस गमावून मी माझे सरळपण कोणाला दाखवणार होते?

मग मी वाकले. सात वर्षांत पहिल्यांदा देवापुढे कपाळ टेकवले. फरशी थंड होती आणि कपाळ मोठे होते, म्हणून बराच गारवा लागला.

सकाळी मी केंद्रात कळवले की टोकण करा.

*

वैशाखात यंत्र बसले. ते माझ्या डोक्याभोवती कोळ्यासारखे पाय पसरून उभे होते, आणि एकेका सुईने व्रणात बारीक भोक पाडून एकेक बीजगोळी आत सोडत होते. डॉक्टर मुजावर पडद्यावर पाहत होती. मी तिला विचारले की ओळी कशा धरल्या आहेत. यंत्र नैसर्गिक केसांची दिशा वाचते, असे तिने सांगितले. मी म्हटले, ते ठीक आहे, पण कपाळाची कड ताणलेल्या दोरीसारखी सरळ नको, थोडी वाकडी ठेव. सरळ ओळीत उगवले की लोकांना लावलेले कळते. बागेतही आणि डोक्यावरही. तिने यंत्राची आज्ञा बदलली.

सहा महिने तेल लावायचे नाही, असा तिचा हुकूम होता. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाचा हुकूम पाळला. वन्सं कुरुंदवाडहून आठवड्याला फोन करत. पहिले वाक्य ठरलेले: माझा कान तुझ्या नावानं ठणकतोय. दुसरे: उगवलं का?

तीन महिने काही उगवले नाही. चौथ्या महिन्यात कपाळाच्या कडेला खाज आली. हीच खाज सात वर्षांपूर्वी आली होती. मी कोणाला न सांगता शाल्मलीला घेऊन मिरज गाठली. डॉक्टर मुजावरने भिंग फिरवले. भिंतीवर माझे मस्तक पसरले. व्रणाच्या गुळगुळीत माळावर बारीक, करड्या, वाकलेल्या अंकुरांची दाटी झाली होती. खाज त्यांच्या बाहेर येण्याची होती.

"वाकलेले आहेत," मी म्हटले.

"उगवतानाच," डॉक्टर म्हणाली. "तुमच्या नणंदबाईंचा हुकूम सक्त दिसतो."

अभयला घरी येऊन दाखवले तेव्हा तो म्हणाला की आई, आत्या अखेर तुझ्या डोक्यावर बसल्याच. त्याला त्या दिवशी संध्याकाळी भाजीत मीठ कमी मिळाले. यंत्रमानव माझे ऐकतो.

*

माघात कुरुंदवाडला मांडव पडला. तोवर माझे पुढचे केस चार बोटे वाढले होते. काळे नव्हे, माझ्या वयाला शोभेसे करडे. पण दाट, आणि इतके कुरळे की पाणी लावूनही बसत नसत. मागे जुना अंबाडा होता. तो मी त्या दिवशी सोडून सरळ वेणी घातली आणि खांद्यावरून पुढे घेतली. निघण्यापूर्वी दिवाणखान्यातल्या आरशात पाहिले. शेजारीच वन्संच्या लग्नाचा फोटो टांगलेला होता. कपाळावर कुरळ्या बटा, खांद्यावर सरळ वेणी. मी एकदा आरशात पाहिले, एकदा फोटोत, आणि पदर न घेता गाडीत जाऊन बसले.

मांडवात वन्संच्या गळ्यात तुळशीचा हार होता आणि त्या पाटावर राणीसारख्या बसल्या होत्या. नातवंडे, पतवंडे, गावची माणसे ओळीने वाकत होती. माझी पाळी आली. पंच्याहत्तरीला जी मंडळी होती त्यांतली बरीच आताही होती, आणि ती सगळी माझ्या कमरेकडे पाहत होती.

मी वाकले. अर्धवट नाही, गुडघे टेकले आणि मस्तक त्यांच्या पावलांवर ठेवले. पदर सरकायचा प्रश्न नव्हता. कुरळे केस त्यांच्या पायांवर पसरले. वन्संनी दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले आणि बोटे केसांत घातली, मुळापर्यंत. सात वर्षांत माझ्या डोक्यावर डॉक्टरशिवाय कोणाचा हात पडला नव्हता. त्यांनी हात लवकर काढला नाही.

"घट्ट आहेत," त्या माझ्यापुरत्या म्हणाल्या. "ओढून बघू का? त्या वेळी माझ्या सासरच्यांनी तुझी वेणी ओढून बघितली होती."

"बघा," मी म्हटले.

त्यांनी खरेच एक बट धरून ओढली. ती ताणली गेली आणि सोडल्यावर पुन्हा गुंडाळून जागेवर बसली. वन्संनी शेजारी ठेवलेले रेशमी फडके उचलून माझ्या हातात दिले. आत शिसवी फणेरपेटी होती. लाकूड तेलाने चमकत होते, आरशाला एक तडाही नव्हता. मी मांडवातच झाकण उघडले.

करंड्यात ताजे कुंकू होते. मेणाच्या डबीत मेण होते. आणि ज्या कप्प्यात पणजीपासून बारीक दातांची फणी ठेवली जाई, तिथे एक नवा, सागवानी, मोठ्या विरळ दातांचा कंगवा होता.

"बारीक फणी चालत नाही त्यांना," वन्सं म्हणाल्या. "आधी खालून सोडवायचे, मग वरून. उद्या राहा. मी शिकवते."

मी पेटी मिटली आणि राहिले.